दप्तराची दुसरी प्रत

जळगावच्या औद्योगिक वसाहतीतील एखादी डाळमिल, धुळ्याच्या आग्रा रोडवरील एखादी पतसंस्था, रावेर-यावलकडील केळीच्या व्यापाराचा हिशेब ठेवणारी एखादी पेढी, अथवा अमळनेर-चाळीसगावकडील एखादे महाविद्यालय यांच्या कार्यालयात आज पाऊल टाकले, तर लोखंडी कपाटे, कापडात बांधलेले रुमाल आणि आवक-जावकाची जाड नोंदवही ही जुनी सामग्री तेथून अगदीच हद्दपार झालेली आढळणार नाही. परंतु त्या कार्यालयाचा प्राण आता त्या कपाटांत राहिलेला नाही, हेही पाहणाराच्या लगेच ध्यानी येईल. ठरावाचा मसुदा तीन माणसे तीन ठिकाणी बसून एकाच वेळी दुरुस्त करीत असतात. मालमोटारींच्या वजनाची यादी गूगलच्या सामाईक शीटमध्ये भरली जात असते. बैठक टीम्सवर होते, तिचे टिपण तेथेच राहते. आणि व्यवस्थापकाचा हुकूम व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर सुटून तेथेच त्याची तामिली झाल्याची कबुलीही मिळते. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदीने कार्यालयांची दारे लावली, तेव्हा ज्या साधनांनी कामकाज चालू ठेवले ती हीच होत, आणि त्यांच्या उपकाराची जाणीव ठेवूनच मी या पुस्तिकेस प्रारंभ करीत आहे.

तथापि या सामाईक दप्तराची दुसरी प्रत कोठे आहे, असा प्रश्न केला असता बहुतेक ठिकाणी एकच उत्तर मिळते, ते म्हणजे ‘सगळं क्लाऊडवर आहे.’ हे उत्तर देणारी माणसे बेफिकीर नसतात. आपले दप्तर सुरक्षित आहे अशी त्यांची प्रामाणिक समजूत असते. ती दूर करणे हा या लेखनाचा पहिला हेतू आहे. सामाईक फोल्डर आपल्या संगणकावर, सहकाऱ्याच्या लॅपटॉपवर आणि साहेबांच्या मोबाइलवर एकाच वेळी दिसतो, म्हणून त्याच्या तीन प्रती झाल्या असे आपण धरून चालतो. वस्तुतः ते एकाच प्रतीचे तीन ठिकाणी दिसणे होय. एके ठिकाणी फाइल पुसली की ती तिन्ही ठिकाणी पुसली जाते. एका संगणकात खंडणीखोर विषाणू शिरून त्याने कागदपत्रे कुलूपबंद केली, तर ती कुलूपबंद झालेली रूपेच तत्परतेने सर्वत्र पोहोचविली जातात. सेवा पुरविणारी कंपनी आपल्या यंत्रांच्या बिघाडापासून आपल्या मजकुराचे रक्षण करते, आणि ते काम ती उत्तम करते. परंतु ज्याला अधिकार दिला आहे अशा माणसाने पुसण्याची आज्ञा दिली, तर ती आज्ञा पाळणे हेही तिचे कर्तव्यच ठरते.

पुसलेले परत मिळविण्याची मुदत असते, हे खरे. गूगल ड्राइव्हमधून काढलेली फाइल ट्रॅशमध्ये ३० दिवस राहते, आणि कार्यालयीन खात्यात त्यानंतर आणखी २५ दिवस व्यवस्थापकाला ती परत आणता येते. मायक्रोसॉफ्टच्या शेअरपॉइंट आणि वनड्राइव्हमध्ये ही मुदत ९३ दिवसांची आहे. आणि गूगलवरील एखाद्या कर्मचाऱ्याचे खातेच काढून टाकले, तर ते पुनः जिवंत करण्यास २० दिवस मिळतात. या मुदतींच्या शेजारी कायद्याची मुदत ठेवून पाहावी. कंपनी अधिनियम, २०१३ याच्या कलम १२८ प्रमाणे कंपनीने आपल्या हिशेबाच्या वह्या आठ आर्थिक वर्षांपर्यंत जतन करावयाच्या असतात. आणि कंपनी (लेखा) नियम, २०१४ यांत ऑगस्ट २०२२ मध्ये जी दुरुस्ती झाली, तिने इलेक्ट्रॉनिक स्वरूपातील हिशेबांचा बॅकअप भारतात प्रत्यक्ष असलेल्या सर्व्हरवर दररोज ठेवण्याचे बंधन घातले. पूर्वी तेथे ‘नियतकालाने’ अशा अर्थाचे शब्द होते, त्यांच्या जागी ‘दररोज’ आले. एकीकडे आठ वर्षे आणि दुसरीकडे गूगलचे पंचावन्न दिवस, एवढे हे अंतर आहे. आणि ते भरून काढण्याचा भार कायद्याने ज्याचे दप्तर त्याच्यावर ठेवला आहे.

याचे चित्र डोळ्यांपुढे उभे राहावे म्हणून एक प्रसंग कल्पून पाहू. एका शिक्षणसंस्थेत प्रवेशाचे काम पाहणारे लिपिक जूनमध्ये नोकरी सोडून जातात. सहा वर्षांच्या प्रवेशयाद्या, शिष्यवृत्तीचे तक्ते आणि समाजकल्याण खात्याशी झालेला पत्रव्यवहार हे सर्व त्यांनीच प्रथम तयार केले असल्यामुळे त्यांच्याच खात्याच्या मालकीचे असते. इतरांना ते दिसते, त्यात लिहिताही येते, म्हणून ते संस्थेचे आहे असे सर्वांस वाटते. जुलैच्या प्रारंभी परवान्याचा खर्च वाचावा म्हणून त्यांचे खाते बंद केले जाते. खाते काढताना फायली दुसऱ्याच्या नावे करावयाच्या काय, असे पडद्यावर विचारलेलेही असते. परंतु कामाच्या घाईत त्या ओळीकडे कोणाची नजर जात नाही. नोव्हेंबरमध्ये लेखापरीक्षक येतात, तीन वर्षांपूर्वीची शिष्यवृत्तीची यादी मागतात, दुवा दाबला जातो, आणि फाइल अस्तित्वात नाही असे उत्तर येते. या कथेत दुष्ट कोणी नाही, आळशीही कोणी नाही. हातून गेलेली गोष्ट परत येईल अशी तजवीज कोणी करून ठेवली नव्हती, एवढाच तिच्यातील दोष.

ही तजवीज म्हणजे परदेशातून आलेले काही नवे शास्त्र आहे असे खानदेशच्या वाचकांनी समजू नये, कारण लिहिलेले राखणे आणि राखण्यासाठी त्याची दुसरी प्रत करणे या कामी या भूमीची परंपरा मोठी आहे. इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी गावोगाव हिंडून, घराघरांच्या माळ्यांवर वाळवीच्या आणि उंदरांच्या स्वाधीन झालेली दप्तरे अक्षरशः मृत्यूच्या दारातून परत आणली. १८९८ मध्ये त्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड निघाला, आणि पुढे तिचे बावीस खंड झाले. अस्सल पत्र एकाच घरी एकाच पेटीत असते आणि त्या पेटीबरोबरच नष्ट होते. तेच छापले गेले की शेकडो घरी पोहोचते आणि कोणत्याही एका आगीच्या, पुराच्या किंवा अनास्थेच्या आवाक्याबाहेर जाते. छपाई ही त्या काळी उपलब्ध असलेली सर्वांत भरवशाची दुसरी प्रत होती, आणि राजवाड्यांनी ती करविण्यात आपले आयुष्य वेचले. ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात त्यांचा देहान्त झाला. पुढच्याच वर्षी धुळ्यात त्यांच्या नावाने संशोधन मंडळ उभे राहिले, आणि एका व्यक्तीच्या अंगी असलेली राखणदारी एका संस्थेच्या अंगी आली. मला या घटनेतील हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो. राजवाड्यांसारखा पुरुष शतकातून एकदा होतो. कार्यालयास रोज सकाळी अकरा वाजता उघडावयाचे असते.

याच धुळ्यात वकिली करणारे शंकर श्रीकृष्ण देव यांनी रामदासी मठांची बाडे गोळा करण्याचे व्रत घेतले, आणि त्यांच्या परिश्रमांतून उभे राहिलेले समर्थ वाग्देवता मंदिर आजही तो संग्रह सांभाळून आहे. १९०५ मध्ये देवांनी दासबोध छापला, तो डोमगावच्या मठात जपलेल्या कल्याणस्वामींच्या हातच्या प्रतीवरून. ती प्रत अडीचशे वर्षे टिकली, यात दैवाचा भाग थोडा आणि शिस्तीचा फार होता. लेखन कसे करावे, याचे विवेचन करण्यास समर्थांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास दिला आहे, आणि त्यात अक्षराच्या वळणाबरोबरच मेणकापड, पेट्या आणि कुलपे यांचाही निर्देश आहे. ज्यांना ब्रह्मज्ञान सांगावयाचे होते त्यांना पुस्तक कशात गुंडाळावे हे सांगणे कमीपणाचे वाटले नाही. शिवाय मठ अनेक असल्यामुळे एकाच ग्रंथाच्या प्रती दूरदूरच्या गावी होत राहिल्या. एका मठावर आपत्ती आली तरी ग्रंथ दुसरीकडे जिवंत राही. आज संगणकशास्त्रात तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, आणि त्यांपैकी एक दूरच्या ठिकाणी असा जो नियम सांगतात, त्याचे तत्त्व या व्यवस्थेत स्पष्ट दिसते.

याउलट जेथे अशी व्यवस्था नव्हती, तेथे आपल्याला निव्वळ योगायोगाने तारले आहे, आणि याची दोन उदाहरणे खानदेशातलीच आहेत. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत दर रविवारी विनोबांनी गीतेवर अठरा प्रवचने दिली. बोलणारा कागद हाती न घेता बोलत होता. ऐकणाऱ्यांत साने गुरुजी होते आणि ते झरझर लिहून घेत होते, म्हणून ‘गीता प्रवचने’ हा ग्रंथ आज आहे. गुरुजी त्या वेळी दुसऱ्या तुरुंगात असते तर? जळगावजवळच्या आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी यांना अक्षरओळख नव्हती. शेतात आणि जात्यावर त्यांच्या मुखातून निघालेल्या ओव्यांपैकी ज्या त्यांचे चिरंजीव सोपानदेव आणि घरच्यांनी उतरवून घेतल्या, तेवढ्याच राहिल्या. ३ डिसेंबर १९५१ रोजी बहिणाबाई गेल्या; नंतर सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखविली, आणि १९५२ मध्ये अत्र्यांच्या प्रस्तावनेसह ‘बहिणाबाईंची गाणी’ प्रसिद्ध झाली. जे उतरवून घेतले गेले नाही, ते किती होते हे सांगणारे आता कोणी नाही. आज विद्यापीठाच्या नावात ज्यांचे नाव आहे, त्या कवयित्रीचे सारे काव्य काही काळ एका वहीच्या आधारावर उभे होते, या विचाराने आजही माझे मन अस्वस्थ होते.

गुरुजींची तत्परता आणि सोपानदेवांचे मातृप्रेम ही कार्यालयाच्या नियमावलीत लिहून आणता येत नाहीत. शुक्रवारी सायंकाळी पेन ड्राइव्हवर प्रत काढावयाची, असा शिरस्ता अनेक ठिकाणी मोठ्या निष्ठेने सुरू होतो. दोन-तीन महिने तो चालतो. मग लग्नसराई येते, मार्चअखेर येते, प्रत काढणारा रजेवर जातो, आणि शिरस्ता केव्हा मोडला हे कोणालाच सांगता येत नाही. निघालेली प्रतही बहुधा त्याच टेबलाच्या खणात, त्याच संगणकापासून हातभर अंतरावर पडून असते. मनुष्याच्या स्मरणावर आणि उत्साहावर जे काम टाकू नये, ते हे होय. ठरल्या वेळी, न थकता, न विसरता एकच कृती वर्षानुवर्षे करीत राहणे हा यंत्राचा धर्म आहे. आणि म्हणून प्रत काढण्याची आज्ञा एकदाच विचारपूर्वक देऊन ठेवावी आणि पुढे ती आपोआप पाळली जावी, असा आग्रह या पुस्तिकेत आदिपासून अंतापर्यंत धरला आहे.

दूर ठेवलेल्या प्रतीविषयी मात्र येथेच दोन शब्द सांगितले पाहिजेत. २१ जून २०१२ रोजी मुंबईत मंत्रालयाच्या वरच्या मजल्यांना आग लागली, पाच जणांचे प्राण गेले आणि असंख्य फायली भस्मसात झाल्या. कागद जळतो, यास्तव दप्तर संगणकावर चढवावे, हा विचार राज्यात त्यानंतर बळावला, आणि तो योग्यच होता. परंतु २६ सप्टेंबर २०२५ रोजी दक्षिण कोरियातील देजॉन येथे सरकारी विदाकेंद्रास आग लागली, तेव्हा तेथील सरकारी नोकरांचे सामाईक दप्तर, ज्यास ते जी-ड्राइव्ह म्हणत, ते ८५८ टेराबाइट मजकुरासह नष्ट झाले. त्याची बाहेर ठेवलेली प्रत नव्हती. साठा एवढा मोठा की त्याची प्रत ठेवणे शक्य नव्हते, असे कारण पुढे आले. तांत्रिक कौशल्यात जगाने ज्यांचा आदर्श घ्यावा अशा राष्ट्राची ही गोष्ट आहे. तिच्या उलट, मे २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातील युनिसुपर या निवृत्तिवेतन निधीची गूगल क्लाऊडवरील मांडणी एका चुकीच्या नोंदीमुळे पुसली गेली, तेव्हा सहा लाखांहून अधिक सभासदांचा हा निधी पुनः उभा राहू शकला, याचे एक मोठे कारण म्हणजे त्याने वेगळ्याच पुरवठादाराकडे एक प्रत ठेवली होती. दूर म्हणजे केवळ मैलांनी दूर नव्हे. दुसऱ्या खात्यात, दुसऱ्या पासवर्डाखाली आणि दुसऱ्याच्या ताब्यात, असा त्याचा अर्थ घ्यावा.

आता स्वयंचलित व्यवस्थेच्या अंतरंगाकडे वळू. आज्ञा देऊन ठेवणे म्हणजे सेटिंग्जच्या पानावरील एक बटण निळे करणे, एवढेच नाही. कशाची प्रत घ्यावयाची, हे प्रथम ठरवावे लागते. आणि येथे होणारी सर्वसाधारण चूक अशी की फायलींची प्रत निघते, पण कॅलेंडर, संभाषणे, संपर्कयाद्या आणि कोणास काय पाहण्याचा अधिकार होता याच्या नोंदी बाहेर राहतात. तसेच आज असलेली सामाईक ड्राइव्हे निवडून ठेवली, तर ऑगस्टमध्ये नवी उघडलेली ड्राइव्ह यादीत आपोआप येतेच असे नाही. म्हणून निवड नावाने न करता ‘सर्व, आणि पुढे होणारे सर्व’ अशा रीतीने करणे श्रेयस्कर. वेळेचा प्रश्न असा, की एका दिवसाचे काम बुडाले तर आपण ते पुनः करू शकू काय? शाळेस ते शक्य असेल, पतसंस्थेस नसेल. या उत्तरावरून प्रत रोज काढावी की तासातासाला, हे ठरते. रात्री दोनची वेळ पुष्कळांना आवडते, पण ज्या कार्यालयात सायंकाळी मुख्य स्विच बंद करून शिपाई घरी जातो, तेथे आवारातल्या साठवणयंत्राने रात्री दोन वाजता काय करावे? वीजपुरवठा आणि इन्व्हर्टरची क्षमता यांचा विचार न करता केलेली वेळापत्रके आपल्या भागात चालत नाहीत. आणि मे महिन्यात पारा पंचेचाळीस अंशांवर जाणाऱ्या जळगावात, पत्र्याखालच्या बंद खोलीत ठेवलेल्या डिस्कची आयुर्मर्यादा काय राहील, याचाही विचार ज्याचा त्याने करावा.

सर्वांत सूक्ष्म दोष अनुमतीचा आहे. प्रत काढणाऱ्या सेवेला आपल्या दप्तरात शिरण्याची परवानगी कोणातरी व्यवस्थापकाच्या खात्यावरून दिलेली असते. त्या व्यवस्थापकाची बदली होऊन खाते बंद झाले, किंवा परवानगीची मुदत संपली, की रात्रीचे काम थांबते. आणि थांबल्याचा निरोप ज्या टपालपेटीत जातो, ती त्याच बदलून गेलेल्या गृहस्थांची असते. २०१७ च्या ३१ जानेवारीस गिटलॅब या कंपनीत एका अभियंत्याने चुकून खऱ्या सर्व्हरवरील विदागार पुसले, तेव्हा रोजची स्वयंचलित प्रत कित्येक दिवस निघतच नव्हती असे उघड झाले. अपयशाची सूचना देणारी पत्रे टपालव्यवस्थेने नाकारल्यामुळे ती कोणापर्यंत पोहोचलीच नव्हती. एकाने सहा तासांपूर्वी दुसऱ्याच कामासाठी काढून ठेवलेली एक प्रत हाती लागली, म्हणून पुढचा अनर्थ टळला. यास्तव माझे सांगणे असे की अनुमती व्यक्तीच्या नावे न देता कार्यालयाच्या स्वतंत्र खात्यावरून द्यावी, निरोप किमान दोघांकडे जावा, आणि अपयशाबरोबर यशाचाही निरोप रोज यावा. कारण जेथे निरोपच न येणे हेच कुशल मानले जाते, तेथे यंत्र मरून पडले तरी सर्व काही ठीक दिसते.

किती काळ राखावे, हा विषय स्वतंत्र प्रकरणात आहे, म्हणून येथे त्याचा विस्तार करीत नाही. रोजच्या प्रती आठवडाभर, आठवड्याच्या महिनाभर, महिन्याच्या वर्षभर आणि वार्षिक प्रती कायद्याच्या मुदतीपर्यंत, अशी चढती योजना बहुतेकांस पुरेशी होते. केवळ अधिक राखणे म्हणजे चांगले राखणे असे मात्र नव्हे. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत विदा संरक्षण अधिनियमाच्या दृष्टीने, प्रयोजन संपलेली माणसांची खासगी माहिती अकारण बाळगणे हाही दोषच आहे.

व्हॉट्सअ‍ॅपविषयी मी एक पूर्ण प्रकरण लिहिले, ते काहींस अनावश्यक वाटेल. परंतु खानदेशातील छोट्या आणि मध्यम कार्यालयांचा कारभार प्रत्यक्षात कोठे चालतो, हे ज्याने पाहिले आहे त्याला ते तसे वाटणार नाही. अँड्रॉइड फोनवर व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअप रोज आपोआप गूगल खात्यात जाण्याची सोय आहे. २०२४ पासून तो त्या खात्याच्या १५ जीबी मोफत जागेत मोजला जाऊ लागला, त्यामुळे जागा भरली की तो निमूटपणे अडतो. मुख्य अडचण तर याहून वेगळी आहे. तो बॅकअप ज्याचा फोन त्याच्या खासगी खात्यात असतो, कार्यालयाच्या ताब्यात नसतो; आणि त्यास चौसष्ट अंकांची सांकेतिक किल्ली लावलेली असून ती हरवली, तर जगातील कोणीही तो उघडू शकत नाही. ज्या हुकमाला पुढे पुरावा म्हणून किंमत येणार आहे, तो गटावर सोडला तरी त्याच दिवशी कार्यालयाच्या ईमेलवर अथवा सामाईक फोल्डरात रुजू करावा, एवढा एक शिरस्ता घातला तरी पुष्कळ साधेल.

या पुस्तिकेची प्रकरणे ज्या क्रमाने छापली आहेत, त्या क्रमाने ती वाचावीत असा माझा आग्रह नाही. शेवटचे प्रकरण प्रत परत आणण्याच्या तालमीविषयी आहे, आणि ते प्रथम वाचणाऱ्यास मी अधिक सुज्ञ म्हणेन. एप्रिल २०२२ मध्ये अ‍ॅटलासियन या कंपनीच्या एका चुकीच्या आज्ञेने ७७५ ग्राहकांची कामकाजाची स्थळे पुसली गेली. प्रती शाबूत होत्या, मजकूरही जवळजवळ सर्व परत मिळाला. परंतु इतक्यांचे दप्तर एकाच वेळी परत लावण्याचा सराव नसल्यामुळे काहींना तब्बल चौदा दिवस ताटकळावे लागले. यासाठी दर तिमाहीस, कोणतीही आपत्ती आलेली नसताना, तीन महिन्यांपूर्वीची एक फाइल, एक संभाषण आणि रजेवर गेलेल्या एका सहकाऱ्याचे संपूर्ण फोल्डर वेगळ्या जागी परत आणून पाहावे, घड्याळ लावून वेळ मोजावा, आलेल्या मजकुराची मूळ मजकुराशी रुजुवात घालावी, आणि निकाल तारखेसह नोंदवहीत लिहून त्यावर दोघांनी सही करावी. त्या नोंदीचा नमुना परिशिष्टात दिला आहे. त्यातील शेवटचा रकाना ‘काय परत आले नाही’ हा असून, पहिल्या तालमीत तो रिकामा राहण्याची अपेक्षा कोणी ठेवू नये.